झालं असं समजा

“म्हणा की सायेब, एकदाच म्हणा. पोरगी चाललीया माझी,” हौसाक्का ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून ओरडत होती, आणि अलीकडं माझ्या हातातला मोजणीचा टेप त्या आवाजानं थरथरत होता. हौसाक्का म्हणजे सांगोल्याकडच्या एका धनगर वस्तीवरची म्हातारी. तिनं आपल्या मेंढरांना हाक मारली की शेजारच्या तालुक्यातली मेंढरं माना वर करायची. आमच्या मधला ओढा एरवी वर्षभर धूळ वाहणारा, पण त्या दिवशी दोन्ही काठ धरून चाललेला. पाऊस पडला होता वर कुठंतरी डोंगराकडं. आमच्या डोक्यावर मात्र कवटी तडकावी असं ऊन. पलीकडं बाजेवर हौसाक्काची नातसून कळा देत होती. अलीकडं आमची जीप उभी होती आणि दवाखानाही अलीकडंच होता. आणि काठावर साहेब उभे होते, ओठ घट्ट मिटून, स्वतःच्या कोल्हापुरी चपलांकडं बघत.

ज्या माणसानं उभी हयात तोंडावर काढली त्याला दोन-चार शब्द बोलायचे होते, आणि ते निघत नव्हते.

ओढा काही इतक्यात ओसरत नाही. तोवर हा माणूस कोण, ते सांगून घेतो.

साहेब आधी आमदार होते, मग जिल्हा परिषदेत बांधकाम सभापती झाले. मी त्या बांधकाम खात्यात अभियंता. लोक जिल्हा परिषदेतून विधानसभेत चढतात. साहेब तोच जिना उलटा उतरले, आणि उतरतानासुद्धा दोन्ही बाजूंना हात हलवत उतरले. मुंबईत त्यांना मोठमोठे पुढारी ‘या, बसा’ म्हणायचे. आमच्याकडं पहिल्याच दिवशी दाराशी बसलेल्या शिपायानं त्यांना ‘कुणाकडं जायचंय’ विचारलं. साहेब म्हणाले, “तुझ्याकडंच आलोय बाबा,” आणि त्याच्या स्टुलावर बसून त्याचा अर्धा चहा पिऊन मग दालनात गेले.

आवाज काय सांगू. आमदार असताना सोलापूरच्या सात रस्त्याला त्यांची सभा लागली की सातही रस्त्यांवरची वाहनं ब्रेक न दाबता थांबायची. ते तिथं खाकरले तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची कणसं मान हलवायची, असं त्यांचे विरोधक सांगायचे. समर्थक तर याच्या पुढचं सांगायचे. गाडीच्या काचेवरचं आमदारकीचं गोल स्टिकर त्यांनी हरल्या दिवशी स्वतः खरवडून काढलं होतं. पण काचेवर त्याचा डाग राहिला. रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, शेवटी काच बदलली. नव्या काचेवर आठवड्याभरात तोच गोल डाग उमटला. टोलनाक्यावरचा माणूस त्या डागाला सलाम ठोकायचा आणि मग स्वतःच्या हाताकडं चमत्कारिक नजरेनं बघत राहायचा.

आता मुद्द्याचं. आमदार असताना साहेबांचं मुख्य काम भूमिपूजन. नारळ फोडायच्या आधी ते तो कानाशी धरून हलवायचे, आतलं पाणी ऐकायचे आणि डोळे मिटायचे. मग एका दणक्यात दोन भकलं. कुदळ मारायची, कोनशिलेवरचा पडदा ओढायचा आणि माइक हातात घेऊन म्हणायचं: “रस्ता झाला असं समजा.” दवाखाना झाला असं समजा. तलाव भरला असं समजा. टाळ्या, खोबरं, गाडी, धुरळा. पुढं त्या जागी वीट म्हणून पडायची नाही. कोनशिला तेवढ्या उघड्या माळावर उभ्या, काळ्या दगडात पांढरी अक्षरं, गुरांना अंग घासायला. सगळेच पुढारी हे करतात, त्यात विशेष काही नाही. साहेबांचा आवाज तेवढा विशेष होता. त्या आवाजात ‘समजा’ म्हटलं की माणूस समजून जायचा.

विरोधकांनी ते वाक्य उचललं. शाळेतली पोरं गृहपाठ दाखवताना मास्तरांना ‘झाला असं समजा’ म्हणायला लागली. आणि निकालाच्या दिवशी दुपारी साहेबांनी फोनवर मतमोजणीतल्या आपल्या खास कार्यकर्त्याला विचारलं, काय परिस्थिती आहे. तो बिचारा रडवेल्या आवाजात म्हणाला, “पडलो असं समजा, साहेब.”

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण साहेब सभापती झाल्यावर ते वाक्य त्या ओढ्याच्या दिवसापर्यंत त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. कुणी काही मागायला आलं की ‘बघून सांगतो’. ठेकेदार वैतागले. वेळ विचारली तरी ‘बघून सांगतो’, आणि मग घड्याळात दोनदा बघायचे. दुसरी तऱ्हा चहाची. बशीतून चहा पिणारा माणूस समोर बसला की हे उठून जायचे. स्वतः कपावर बशी झाकून ठेवायचे आणि घोट घेण्यापुरती सरकवायचे. अर्ध्या कार्यालयाला वाटायचं, माश्यांची किळस. खरं कारण त्यांनी मला जीपमध्ये सांगितलं, तेही समोरच्या काचेकडं बघत.

मल्लिनाथ म्हणून त्यांचा एक कार्यकर्ता होता, अक्कलकोटच्या बाजूचा, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी. त्याचे वडील अप्पा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. मल्लिनाथानं मुंबईला फोन केला. साहेब त्या वेळी विधानभवनाच्या पायऱ्या चढत होते. मोठ्या डॉक्टरांना एक शब्द टाका, एवढंच त्याचं म्हणणं. साहेब घाईत होते. “अप्पा बरे झाले असं समजा,” म्हणाले आणि फोन ठेवला. अप्पा त्या संध्याकाळी गेले. रीतीप्रमाणं मंडळींनी माती दिली.

महिन्याभरानं साहेब भेटायला गेले. दुःखाचं घर म्हणून चेहरा लांब करून आत शिरले, तर घरात खमंग वास, सुना हसतायत, मल्लिनाथ नवा सदरा घालून उभा. साहेबांनी गळ्यात पडायला हात पसरले. मल्लिनाथ म्हणाला, “अहो कशाला, अप्पा आरामात आहेत की.” आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडं बोट केलं. थोरल्या सुनेनं खाटेपुढं स्टूल सरकवलं, त्यावर बशीत चहा ओतून ठेवला आणि कानडीत काहीतरी लाडानं बोलली. साहेबांना वाटलं, दुःखानं घर फिरलंय. ते पावसापाण्याचं बोलत बसले. चहावर साय धरली. साहेबांची नजर एकदा खिडकीकडं गेली आणि परत आली, तेवढ्यात बशी रिकामी. तळाशी ओलं कडं आणि सायीचा तुकडा एका बाजूला ढकललेला, जसा साय न आवडणारा माणूस बोटानं ढकलतो तसा.

“अप्पांना साय आवडायची नाही,” साहेब मला म्हणाले. “मला माहीत होतं ते. तीस वर्षं माझ्यासोबत फिरला माणूस.” मग काचेकडंच बघत म्हणाले, “मेलेल्या माणसाला मी जाऊ दिलं नाही रे. पायऱ्या चढता चढता.”

आता साहेबही नाहीत. त्यांच्या शोकसभेत एक उत्साही वक्ता गहिवरून ‘साहेब आपल्यातच आहेत असं...’ इथपर्यंत आला आणि पहिल्या रांगेतनं चार-पाच जण चपला न घालताच बाहेर पळाले. अध्यक्षांनी माइकची वायर ओढली म्हणून बरं. नाहीतर आज सभापतींच्या दालनात कपावरची बशी कोण सरकवतंय, ते मला तुम्हाला सांगावं लागलं असतं.

तर, सभापती झाल्याबरोबर त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, माझ्या नावाचे जेवढे दगड या जिल्ह्यात उभे आहेत तेवढे मला दाखव. मी म्हटलं, साहेब, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत माझी. ते म्हणाले, “मुंबईत नुसता शब्द मिळतो. हितं सिमेंट मिळतं. बोललोय तेवढ्यावर सिमेंट घालायचंय मला.” त्यांची तळमळ खरी होती, हे मी शपथेवर सांगतो. फक्त त्या तळमळीत भीती किती आणि पश्चात्ताप किती, हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिला दगड मंगळवेढ्याच्या वाटेवर एका गावाबाहेर. समाजमंदिराचा. उन्हाळा असा की कावळे चोची उघड्या टाकून बाभळीत बसलेले. लांबून बघतो तर दगडापाशी उघड्या जमिनीवर पाच-सहा म्हातारे पान खात आरामात बसलेले. साहेब खाली उतरले, आता शिव्या बसणार म्हणून आधीच हात जोडून. म्हातारे उठले. एक जण म्हणाला, “लई उपकार झाले बघा. हितं बसलं की उठू वाटत न्हाय. गारवा कसा देवळातल्यावानी.” साहेबांना वाटलं, टोमणा. मलाही तेच वाटलं. मग मी जमिनीकडं बघितलं.

म्हातारे सावलीत बसले होते. चांगली लांबरुंद चौकोनी सावली, कडा रेघ मारल्यासारख्या सरळ, एका बाजूला दारापुरती मोकळी. वर बघावं तर आभाळ. झाड नाही, छप्पर नाही, ढग नाही. मी चपलेतनं पाय काढून त्या मातीवर ठेवला. माठाखालच्या जमिनीसारखी गार. साहेब रेघेच्या बाहेरच थांबले. म्हाताऱ्यांनी आग्रह केला, आत या, बसा. साहेब रेघेला वळसा घालून त्यांच्याशी बोलले, जीपमध्ये बसले, आणि सोलापूर येईपर्यंत त्यांनी काच वर केली नाही की खाली केली नाही.

असे आम्ही बरेच दगड फिरलो. सगळीकडं काही असं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी लोकांनी मनापासून शिव्या दिल्या. तेव्हा साहेब इतके खूश व्हायचे की शिव्या देणाऱ्याला चहा पाजायचे.

मग हौसाक्काचा ओढा. पहिल्यांदा गेलो तेव्हा ओढा कोरडा ठणठणीत. काठावर पुलाची कोनशिला. आणि खाली वाळूत हौसाक्काच्या शेळ्या बसलेल्या, एकीमागं एक, या काठापासून त्या काठापर्यंत ओळीनं. त्या ओळीपुरतीच सावली. शेळीला कुणी भाषण देत नाही. शेळी सावली बघते आणि बसते.

साहेबांनी हौसाक्काला हात जोडले. म्हणाले, आक्का, तुमचा पूल राहिला. आक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं शिकल्यासवरल्या येड्याकडं बघतात. “राहिला कुटं? हाय की. तुमीच न्हाय का म्हनला, झाला म्हून. पाणी आलं की आमी वरनं जातो, न्हाय तवा खालनं. उगा चढायचं कशाला?”

फक्त एक अडचण आहे, म्हणाली. साहेब बोलले त्या दिवशी जे हजर होते, त्यांनाच तो पूल चालतो. मागनं आलेल्यांना चालत नाही, आणि त्यांना खांद्यावर घेतलं तर घेणाऱ्यालाही चालत नाही. तिच्या दिरानं सांगोल्याच्या बाजारातनं शेळी घेतली आणि खांद्यावर टाकून पुराच्या दिवशी निघाला, तर निम्म्यात गुडघाभर पाण्यात गेला. शेळी सोडली तसा बाटलीच्या बुचासारखा वर आला. शेळी खाली कुठंतरी गावली. “म्हून म्हनते, एकदा येऊन परत बोलून जावा. वस्तीवर सुना आल्याती नव्या.”

साहेब म्हणाले, बघून सांगतो. आणि परत येताना मला म्हणाले, “ते वाक्य नाही. खरा पूल बांधायचा. मोजणीला कधी येतोस?”

मोजणीलाच आलो होतो त्या दिवशी.

सकाळी पोचलो तेव्हा ओढ्यात घोटाभर पाणी. मी टेप सोडतोय, पात्राची रुंदी घेतोय, तोवर वरनं आवाज आला, ट्रॅक्टर उताराला लागल्यासारखा, आणि पाहता पाहता पाणी काठाला. तेवढ्यात पलीकडं बाज घेऊन माणसं आली. वळसा घालून यायचं तर दुसऱ्या बाजूचा रस्ताही पाण्याखाली. चौघांनी बाज खांद्यावर घेऊन दगडाच्या सरळ रेषेत पाऊल टाकलं. मी डोळ्यांनी बघितलं: पहिली दोन पावलं पाण्याच्या वर पडली, हवेत, धप्प धप्प असा पक्क्या जागेचा आवाज करत. मग बाजेवरची पोर खाली बघून किंचाळली आणि चौघेही मांड्यांपर्यंत पाण्यात. कसेबसे मागं आले.

आणि मग हौसाक्का ओरडायला लागली.

साहेब माझ्याकडं वळले. तोंड असं पांढरं, जणू चुना फासलाय. म्हणाले, “तिला मधेच काही झालं तर? मी म्हटलंय म्हणून ती मग कायमची तिथंच... अर्ध्यात...” त्यांच्या डोळ्यांपुढं बशी होती, हे मला कळत होतं. मला दुसरंही कळत होतं, की न बोलता उभं राहिलं तर ती पोर तिथंच, आमच्या समोर, काठावर जाणार.

मी म्हटलं, “साहेब, अप्पांच्या वेळी तुम्ही माणूस न बघता बोलला होता. आता तुमच्या समोर आहे माणूस.”

त्यांनी ओठ हलवले.

“ऐकू येईना,” पलीकडनं हौसाक्का.

परत हलवले.

“सायेब, मतं मागताना काय असं बोलत व्हता व्हय?”

ते लागलं. साहेबांनी डोळे मिटले, नारळ कानाशी धरतात तसा हात कानाशी नेला, जणू आत पाणी आहे का ऐकतायत. आणि मग तो आवाज निघाला. इतक्या वर्षांनी. पाण्याचा आवाज त्याच्यापुढं बसला. माझ्या जीपची काच खळखळली, बाभळीवरची पाखरं उडाली आणि म्हणे मंगळवेढ्यापर्यंत कणसं हलली.

“बाई, पूल झाला असं समज.”

बाजेवरची पोर ओरडायची थांबली. तिनं मान वळवून ओढ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, नवीन घर बघावं तसं. मग मान हलवली.

चौघांनी बाज उचलली. मी खोटं कशाला सांगू, मला पूल दिसला नाही. मला दिसली सावली. गढूळ पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एक रुंद काळा पट्टा पडला होता, दोन्ही कडांना कठड्याच्या खुंट्यांची ओळ. पाणी खवळून धावत होतं आणि सावली जागची हलत नव्हती. वर, माणूसभर उंचीवर, रिकाम्या हवेतनं बाज येत होती. पायांचा आवाज सिमेंटवरचा. निम्म्यावर पोचल्यावर चौघं थांबले, खांदा बदलला, एकानं तर कपाळाचा घाम पुसला. मग ते परत चालले आणि आमच्या काठावर उतरले, शेवटची पायरी नीट बघून.

जीपमध्ये पोरीला ठेवताना मी बाजेमागनं चालत आलेल्या हौसाक्काला विचारलं, पोटातल्या बाळानं तर ऐकलेलं नव्हतं, ते कसं आलं? ती म्हणाली, असला आवाज पोटातलं बी ऐकतंय. मुलगी झाली, दवाखान्याच्या दारात. दोघी सुखरूप.

आमचा ड्रायव्हर त्यांना घेऊन गेला. मी आणि साहेब काठावर राहिलो. पलीकडच्या वस्तीवरची माणसं हाका मारायला लागली, या इकडं, चहा घेऊन जावा. साहेब दगडापर्यंत गेले. सावली अजून पाण्यावर होती. त्यांनी उजवा पाय उचलला आणि सावकाश पुढं ठेवला. पाय सरळ पाण्यात गेला. मी दंड धरून मागं ओढलं म्हणून वाचले. कोल्हापुरी चप्पल गिरक्या घेत गेली.

“तुम्हीच म्हटलंत ना,” मी म्हटलं. मला खरंच नवल वाटलं होतं.

“म्हणूनच,” साहेब म्हणाले. “मला माहीत आहे ना तिथं काय नाही ते.”

त्यानंतर हा माणूस त्या पुलाच्या मागं लागला. सभेत भांडले, दुसऱ्या सभापतींच्या पाया पडले, स्वतःच्या गटातले दोन रस्ते सोडून दिले. पूल मंजूर झाला. भूमिपूजन नाही, नारळ नाही, कोनशिला नाही. काम चालू असताना रोज छत्री घेऊन काठावर बसायचे. एकही वाक्य बोलायचे नाहीत, गवंड्यांना वाटायचं मुके आहेत.

काम सोपं गेलं नाही. सेंटरिंग लावताना आधाराच्या बल्ल्या उभ्या केल्या की वर टक् टक् लागायच्या. आमचा मिस्त्री तेलुगू बोलणारा, सोलापूरचा, भल्याभल्यांना न घाबरणारा. तिसऱ्या दिवशी डोक्याला टेंगूळ घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. म्हणाला, साहेब, वर काहीतरी आहे, ताठ उभं राहता येत नाही. मी नकाशा बघितला, आभाळ बघितलं आणि पुलाची पातळी हातभर खाली घेतली. बाजूंनाही बल्ल्या कशाला तरी अडायच्या, तिथंही अंग चोरावं लागलं. एक बैलगाडी जाईल एवढी रुंदी उरली. वरिष्ठांनी कारण विचारलं. मी म्हटलं, जागेची अडचण.

पूर्ण झाला त्या दिवशी साहेब एकटे चालत गेले. नव्या चपला घातल्या होत्या. प्रत्येक पाऊल आधी चाचपून, मग दाबून. कठड्यावर हात फिरवत. निम्म्यावर गेल्यावर टाच आपटली, परत आपटली, आणि लहान पोरासारखे हसले. आमदारकीच्या सगळ्या मिरवणुकांत कुणी तो चेहरा बघितला नसेल.

समोरनं हौसाक्का आली, कडेवर पणती घेऊन. साहेबांनी तिला हात जोडले. मी चार पावलं मागं होतो, म्हणून मला दिसलं. तिची पावलं नव्या सिमेंटच्या हातभर वर होती. साहेब मान वर करून तिच्याशी बोलत होते, आणि त्यांनी खाली बघितलं नाही.

“आक्का, हा खरा. हा दिलेला नव्हे, बांधलेला,” ते म्हणाले. “कसा झालाय?”

हौसाक्कानं खाली वाकून नव्या पुलाकडं नीट बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“बरा हाय,” ती म्हणाली. “पयला रुंद व्हता.”